तिसरा जिताडा

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा. पण खाली 'स्क्रिप्ट झकास आहे भाऊ' अशी कमेंट टाकू नका, माझं डोकं फिरतं.

मी सुयोग. चारकोपला राहतो, नव्या बिल्डिंगमध्ये, सातव्या मजल्यावर. घरी मी आणि बायको रुचिरा, दोघंच. हे घडलं मागच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, मढच्या पुढच्या एका खडपावर. खडप म्हणजे समुद्रात घुसलेला काळा खडक. जागा नेमकी कुठली ते सांगणार नाही. तुमच्यातली चार टाळकी लगेच टॉर्च घेऊन निघतील, माहितीये मला.

आणि टॉर्चची गरजही नाही. यात रात्र नाही, अमावस्या नाही.

सगळं भर उन्हात झालं.

दिपेश माझा ऑफिसातला दोस्त. अंधेरीला आम्ही शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसतो. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला पोरगा. वडील लवकर गेले, थोरल्या भावानं त्याला शिकवलं. भावाचं नाव हरेश्वर. दणकट गडी. मी त्यांच्या घरी गेलो की पाठीत एक धपाटा घालायचा आणि आईला ओरडून सांगायचा, "आये, चाकरमानी आयलाय, सुरमई काढ!"

हरेश्वरची एक सवय होती. दर्यात मासे जाळ्याकडे हाकलायला होडीच्या लाकडावर ठोकतात ना, तसाच तो घराच्या दारावर ठोकायचा.

ठक ठक... ठक.

दोन लागोपाठ, मग थांबून एक. आतून सरूबाई, म्हणजे त्यांची आई, न बघताच म्हणायची, "आयला माझा हरी."

त्या फेब्रुवारीच्या दोन वर्षं आधी हरेश्वर छोटी होडी घेऊन एकटाच त्या खडपाकडे गेला. होडी उलटी सापडली.

तो सापडला नाही.

खूप शोधाशोध झाली. सरूबाईनं दिवसकार्य केलं नाही. माणूस हातात आला नाही, तर कसलं कार्य म्हणाली. आणि दिपेशनं मासे सोडले. कोळ्याचा पोरगा, ऑफिसच्या डब्यात डाळ आणि बटाटा आणायला लागला. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "सुयोग, दादाला कुठल्या माशानं खाल्लं असेल, कसं कळणार यार?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. एवढंच लक्षात ठेवा, त्या पोराला भाऊ परत हवा होता. जिवंत नाही तर निदान जाळायला.

आता गळाचं सांगतो. खडपावर गेलो त्याच्या आदल्या वर्षी मी आणि रुचिरा हिमाचलात तीर्थन नदीकाठी कॅम्पिंगला गेलो होतो. तिथे मला ट्राउट पकडायचा नाद लागला. त्याला जिवंत आमिष नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेली खोटी माशी असते, फ्लाय म्हणतात तिला. दोर डोक्यावरून मागेपुढे झुलवायचा आणि ती माशी अलगद पाण्यावर उतरवायची. मासा फसतो. मग तो सोडून द्यायचा!

तिथल्या गाईडनं मला नीट शिकवलं होतं. आधी हात ओले कर. काटा हळू काढ. मासा दमलेला असतो, त्याला फेकू नको. पाण्यात दोन्ही हातांवर धर, तोंड प्रवाहाकडे. त्याला श्वास घेऊ दे. जीवात जीव आला की तो आपणहून जातो.

हे मी ऑफिसात शंभरदा ऐकवलं असेल. बाकीचे कंटाळले होते. रुचिरा तर म्हणायची, "मासा पकडून सोडायचा, मग खायचं काय, फोटो?" आमची माणसं देवगडकडची, आमच्याकडे मासा सोडतात म्हटलं तर आजीनं झाडूनं बडवलं असतं.

पण दिपेश ऐकायचा.

परत परत ऐकायचा.

"म्हणजे दमलेला असतो, आणि तू त्याला श्वास देतोस," असं म्हणायचा. आणि एक दिवस म्हणाला, "मढच्या पुढे एक जागा आहे. जिताडा लागतो तिथे. तंबू टाकू, राहू. तुझा तो रॉड आण."

जिताडा म्हणजे खाडीच्या तोंडाशी मिळणारा, चांदीसारखा मासा. अलिबागकडे जावयाला करून घालतात. मी तर उडालोच.

शनिवारी सकाळी त्याला घ्यायला वर्सोव्याला गेलो. सरूबाई ओट्यावर बोंबील उलटेपालटे करत बसली होती. दिपेश आत बॅग भरत होता. तिनं माझ्या पाठीवरचा रॉड पाहिला आणि हात पुसत उठली.

"खरपावर चाललाव?"

"हो मावशी. आज राहणार, उद्या येऊ."

तिनं माझं मनगट धरलं. कोळणीची पकड ती, सुटत नाही.

"एक आयक पोरा. तिथं मिलेल तो म्हावरा घरी आन. खा, वाट, कुत्र्याला घाल. पन पाण्यान परत सोरू नको."

"का हो मावशी?"

"नाय म्हनजे नाय!"

तेवढ्यात दिपेश बाहेर आला. तिनं हात सोडला आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. मी मनात म्हटलं, गरीब बाई, मासा फुकट जाऊ नये म्हणून सांगतेय.

फेरीबोटीत बाईक चढवली, मढला उतरलो. पुढे कच्चा रस्ता, मग बाईक लावून पायी. खडपाच्या वर सुरूची झाडं होती, तिथे तंबू ठोकला. खाली ओहोटी लागली होती. कावळे, बगळे, चिखलात खेकडे, नुसता गोंधळ. स्टोव्हवर मॅगी केली. दिपेशनं दोन घास खाल्ले आणि बशी बाजूला ठेवली.

"चल ना. टाक गळ."

"अरे खाऊन तर घे."

"मी बसतो वर. तूच टाक. मी हात नाही लावणार."

मला वाटलं, भाऊ इथेच गेला, म्हणून पाण्याजवळ येत नसेल. मी गुडघाभर पाण्यात उतरलो. पांढऱ्या पिसांची माशी बांधली होती. दोन-चार वेळा दोर झुलवला आणि खडकाच्या सावलीत माशी उतरवली.

लगेच ओढ लागली.

अशी ओढ की रॉड अर्धा वाकला. मी ओरडलो, "दिप्या, लागला रे!" वीस-पंचवीस मिनिटं झुंजलो असेन. शेवटी मासा आला. जिताडा... दोन हात लांब, जाड मानेचा. काय तो मासा, आई शप्पथ!

पण जवळ आल्यावर त्यानं धडपड केली नाही.

पडून राहिला. माझ्याकडे बघत.

"सोड," दिपेश वरून म्हणाला.

"अरे वेडा झालास? मावशी म्हणाली घरी आण. आठ-दहा किलोचा आहे हा!"

"सोड ना यार. तू तर नेहमी सोडतोस."

कोळ्याचा पोरगा हाताला आलेला जिताडा सोड म्हणतो. तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी काय समजलो? हा मासे खात नाही, ह्याला दया आली असेल. मग मलाही माझं तीर्थनचं शहाणपण आठवलं. काटा काढला. दोन्ही हातांवर मासा धरला, तोंड प्रवाहाकडे केलं.

त्याचे कल्ले उघडले... मिटले... उघडले.

आणि तो गेला. खोल पाण्याकडे नाही. काठाकाठानं, वर्सोव्याच्या दिशेनं.

मी हात धुवायला वाकलो, तेव्हा पाण्यावरून आवाज आला.

ठक ठक...

ठक.

मी मान वर केली. समोर होडी नव्हती. लांबपर्यंत काहीच नव्हतं, नुसतं ऊन चमकत होतं.

वर पाहिलं तर दिपेश उभा राहिला होता. रडत होता. आणि हसत होता.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "ऐकलंस ना तू पण?"

"लाकूड आपटत असेल कुठेतरी," मी म्हटलं. माझाच आवाज मला खरा वाटला नाही.

तेव्हाच निघायला हवं होतं. पण माझं एक असं आहे, घाबरलो की मी हट्टाला पेटतो. काही झालं नाही हे स्वतःला दाखवायला मी पुन्हा दोर झुलवला.

पुन्हा लगेच ओढ. ह्या वेळी झुंज नाही. ओलं पोतं ओढावं तसा मासा आला. हाही जिताडाच, पण म्हातारा. एक डोळा पांढरा, अंगावर जुने ओरखडे. हाताला असा गार लागला की बर्फाच्या पेटीतून काढलाय जणू. मला तो हातात नकोसा झाला. पटकन काटा काढला आणि सोडून दिला. दिपेश सोड म्हणेल याचीही मी वाट पाहिली नाही.

आणि माझ्या मागे कोणीतरी खोकलं.

म्हाताऱ्याचा खोकला... कफानं भरलेला, लांबलचक. अगदी मानेजवळ.

मी गर्रकन वळलो. मागे फक्त खडक. पण कोरड्या खडकावर ओला पट्टा होता, पाण्यातून निघून वर गेलेला.

"दिप्या, चल! तंबू काढ!" मी दोर गुंडाळायला लागलो. घाईत रीळ फिरवताना माशी पाण्यावरून फरफटत येत होती. मी ती टाकली नव्हती, देवाशपथ. मी ती काढून घेत होतो.

तरी तिला मासा लागला.

एवढासा. तळहातात मावेल असा. जिताड्याचं पिल्लू.

काटा त्याच्या ओठात नुसता अडकला होता. ते हातात थरथरत होतं. तुम्ही काय केलं असतं? इतकं लहान पिल्लू कोणीही सोडतं. मी विचारच केला नाही. पाण्यात हात बुडवला, बोटं उघडली.

ते गेलं.

मी कानोसा घेतला. आता काय? ठोकणं? खोकला?

काहीच नाही.

काहीच म्हणजे... काहीच नाही. कावळे गप्प झाले. सुरूची झाडं वाऱ्यानं हलत होती, पण सळसळ नव्हती. लाट खडपावर आपटत होती, फेस उडत होता, आवाज नव्हता. दिपेश वरून काहीतरी ओरडत होता. त्याचं तोंड उघडताना-मिटताना मला दिसत होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एकदम सगळे आवाज कानात घुसले आणि मी पाण्यात बसलोच.

दिपेशनं मला ओढून वर आणलं. ऊन उतरायच्या आत आम्ही तंबू गुंडाळला. कॅम्पिंग गेलं खड्ड्यात. परतीच्या फेरीबोटीत मी त्याची कॉलर धरली.

"तुला माहीत होतं. बोल!"

त्यानं कॉलर सोडवली नाही. "आजा सांगायचा," तो म्हणाला. "त्या खडपावर दर्याला त्याचं परत केलं, तर दर्या आपलं परत करतो. म्हणून आमच्यात तिथला मासा कोणी सोडत नाही. आणि आम्ही सोडला तर चालतही नाही, कोळ्यानं दर्याला फसवायचं नसतं. ह्यातलं काही माहीत नसलेला बाहेरचा माणूस लागतो." मग हळूच म्हणाला, "तुझा हात चांगला आहे सुयोग. तू श्वास देऊन सोडतोस."

मी त्याला शिव्या घातल्या. घाण घाण शिव्या. तो सगळ्या ऐकून घेत होता आणि वर्सोव्याच्या किनाऱ्याकडे बघत होता, स्टेशनावर पाहुणा घ्यायला आलेल्या माणसासारखा.

सोमवारी तो ऑफिसला आला नाही. आठवडाभर नाही. फोन उचलेना. शनिवारी दुपारी मी वर्सोव्याला गेलो.

सरूबाई ओट्यावर बसली होती. बोंबील नव्हते, काही नव्हतं, नुसती बसली होती, दाराकडे पाठ करून. आठवड्यात म्हातारी झाली होती.

दिपेश दारात आला. खूश. दाढी वाढलेली, डोळे चमकत होते. "ये ना यार! बस. मी आता मासे खातो बरं का." त्याच्या हातात टोप होता. टोपात बांगडे होते, न साफ केलेले, न शिजवलेले. "दादाला असेच लागतात," तो म्हणाला. "आता झोपलाय. दिवसा झोपतो."

आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराखालून पाणी येत होतं.

आणि आतून...

ठक ठक...

ठक.

"उठला वाटतं," दिपेश म्हणाला आणि टोप घेऊन आत गेला. दार लावून घेतलं.

मी ओट्यावर येऊन बसलो. "मावशी... तो हरेश्वरच आहे?"

"ठोकतो तसाच," ती म्हणाली. "पन मी त्याची आय हाय. नऊ महिने पोटान ठेवला त्याला. तो मला आये म्हनून हाक मारीत नाय." मग तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. "दोन वर्सं मी रोज त्या खरपाकरं बघत व्हते. मला काय ठाव नव्हतं, कसा आनायचा ते? पन परत येतो तो आपला नसतो रं पोरा. म्हनून नाय आनला. आय असून नाय आनला."

मी तिच्या पायाला हात लावला. तिनं पुन्हा माझं मनगट धरलं, त्या दिवसासारखं.

"खरं सांग. किती सोरलंस?"

"तीन."

तिची पकड सैल झाली.

"आमच्याकडं एक आयला," ती म्हणाली. "बाकीचे दोगं कुनाकडं गेले?"

मला माहीत होतं.

कारण त्या आठवड्यात रुचिरा रोज कुरकुरत होती. सातव्या मजल्यावर, आमच्याच दाराबाहेर, रोज सकाळी पाणी सांडलेलं असायचं. वॉचमन म्हणायचा टाकी गळतेय, प्लंबर म्हणायचा टाकी ठीक आहे. आणि जिन्यात कोणीतरी खोकायचं. समोरच्या काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का हो? म्हातारं माणूस?"

मी नंतर दोनदा त्या खडपावर गेलो. वाटलं, पुन्हा मासे पकडावे आणि ह्या वेळी घरी आणावे, फिट्टंफाट. दिवसभर दोर टाकला. एक शेपूट हललं नाही. मग रॉड मोडून तिथेच खडकात टाकला.

दिपेशनं नोकरी सोडली. सरूबाई आता बहिणीकडे राहते. दिपेशला हवं होतं ते मिळालं, तो दादासोबत घरात आहे. मी तिकडे जात नाही.

म्हाताऱ्याची सवय झालीय म्हणा. तो दाराबाहेर असतो, आत येत नाही. आम्ही दारात पायपुसणं ठेवलंय, ते रोज पिळतो. रुचिराला मी काहीच सांगितलं नव्हतं.

पण काल ती फ्रिज पुसत होती. म्हणाली, "काय रे, शेजारचं पोर आत येतं का दुपारी? हे बघ."

फ्रिजच्या दारावर ओल्या पंज्याची खूण होती. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. बोटं एवढीशी.

मी म्हटलं, "येत असेल." शेजारी पोर नाही. रुचिरालाही माहितीये.

ती पुढे काहीतरी म्हणाली, बहुतेक चिडून. मला ऐकू आलं नाही. तिचे ओठ हलत होते फक्त.

थोड्या वेळानं आवाज परत आला. पण दिवसातून दोनदा तरी असं होतं आता, आणि दर वेळी जास्त वेळ राहतं. मी डॉक्टरला कान दाखवले. कान ठणठणीत आहेत.

हे मी दुपारी टाईप करतोय. भर दिवस आहे. समोर रुचिरा झोपलीय. पंखा फुल स्पीडवर फिरतोय, कॅलेंडरची पानं उडतायत.

मघापासून मला पंख्याचा आवाज येत नाहीये...

आणि रुचिरा झोपेत सरकून कोणालातरी जागा करून देतेय.